वावडिंगाची पुरचुंडी

दाणा हलला.

महिपत विशे यांनी तपासणीचा दिवा बाजूला केला, आपलेच डोळे चोळले आणि पुन्हा रविनाच्या उजव्या डोळ्यात पाहिलं. भिंगाच्या मागे, आत खोल, साबुदाण्याएवढी पांढुरकी पिशवी तरंगत होती. पिशवीत एक ठिपका होता. उजेड पडला की तो आत ओढला जायचा.

"रविना, तुला या डोळ्याने काय दिसतं?"

"काळा ठिपका. मी डोला नाय हलवला तरी फिरतो."

"डावा डोळा?"

"तो लहानपनीच गेला. भाताचा कुसळ गेलेला."

म्हणजे एकोणीस वर्षांच्या या मुलीकडे एकच डोळा होता, आणि त्यात एक जिवंत किडा होता. विशे उठले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचे एवढंच त्यांचं काम. पण भोचकपणा हा त्यांचा जुना आजार, आणि वीस वर्षांच्या नोकरीत तो बरा झाला नव्हता. रविनाच्या फिटींवर किड्याच्या गोळ्या लिहून तिला आधी डोळा तपासायला पाठवणाऱ्या डॉक्टर रश्मी जाधवांना बोलवायला ते धावले. त्या बाळंतपणात अडकल्या होत्या. दहा मिनिटांनी विशे परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

"ती एकची एस.टी. धरायला गेली," खिडकीतला औषधवाला म्हणाला. "गोळ्या दिल्या मी. तिच्या काकाने घाई केली."

"गोळ्या डोळा तपासल्यावर द्यायच्या, असं चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं?"

औषधवाल्याने चिठ्ठी उलटी करून पाहिली. तोवर विशे रस्त्यावर होते.

२००२ सालचा मार्च, दुपारचं ऊन, पन्नाशीचं पोट. मुरबाड स्टँडवर पोचेपर्यंत विशेंना श्वास पुरेना. बाकावर रविना बसली होती, गोळी तळहातावर. शेजारी तिचा काका नवशा पाण्याची बाटली उघडत होता.

विशेंनी तिच्या तळहातावरची गोळी सरळ उचलून खिशात घातली.

"सायेब, गोली चुकीची हाय का?" नवशाने विचारलं.

"गोळी बरोबर आहे, वेळ चुकली. हिच्या मेंदूत किड्याची गाठ आहे, तशीच एक डोळ्यात आहे. गोळीने दोन्ही मरतील. पण डोळ्यातला किडा आत मेला तर डोळा सुजेल आणि नजर जाईल. आधी मुंबईला नेऊन तो अख्खा काढायचा."

नवशाने बाटलीचं बूच पुन्हा घट्ट लावलं. भाऊ गेल्यावर त्यानेच या पोरीला वाढवलं होतं. दिवाळीत तिला पहिली फिट आली तेव्हा सिद्धगडाच्या पायथ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत त्याने तिला पाठीवर आणलं होतं.

संध्याकाळी रश्मी मॅडमनी कल्याणच्या स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली.

"आधीच्या खाजगी डॉक्टरने ही टीबीची गाठ ठरवली. टीबीची गाठ बहुधा मोठी आणि वेडीवाकडी असते, मेंदूला ढकलते. ही एक सेंटीमीटरचीही नाही, छान गोल आहे. आणि मधे हा ठिपका बघा, किड्याचं डोकं."

"मग त्यांना डोळ्याचं का कळलं नाही?"

"टीबीच्या एका गोळीने नजर मंदावते. त्यांनी त्या गोळीलाच दोष दिला. पण तसं झालं तर सहसा दोन्ही डोळे मंदावतात. हिचा दुसरा डोळा आधीच गेलेला, ताडून पाहणार कशाशी?"

"ठिपका फिरतो, असं ती सांगत होती," विशे चिडून म्हणाले. "कोणी विचारलंच नाही."

"त्यांनी एक विचारलं होतं. कागदावर आहे. डुक्कर खाता का? नाही. माळकरी घर. म्हणून किडा बाद." मॅडमनी फिल्म खाली ठेवली. "प्रश्नच चुकला. डुकराचं कच्चं मटण खाल्लं तर माणसाच्या पोटात लांब जंत वाढतो. त्या माणसाला फारसा त्रासही नसतो. त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. ती हाताला लागून दुसऱ्याच्या तोंडात गेली की मेंदूत आणि डोळ्यात अशा गाठी होतात. रविनाने मटण खाल्लं नाही, विशे. खाणाऱ्याच्या हातचं खाल्लंय."

"आणि तो माणूस अजून लोकांना खाऊ घालतोय."

विशेंना रात्रभर झोप नाही. सकाळी पहिल्या गाडीने ते रविनाच्या गावात हजर.

रविनाची आई हिराबाई चुलीपाशी होती. कोपऱ्यातल्या खुंटीला एक फडक्याची पुरचुंडी लटकत होती. विशेंनी ती हुंगली. वावडिंग.

"घरात तान्हं बाळ आहे का, वहिनी?"

"नाय. आमी तिघाच."

"मटण?"

"तीन पिढ्यांत नाय. आमच्या टोपाला वास पन नाय लागला." हिराबाई दुखावली. "आनि किडा आमच्याच पोरीला का? समोरची शेजारीन लहानी, तिला पन फिटी येतात. भगत बोलला, भूत हाय."

विशेंचे कान टवकारले. "लहानीकडे तुमचं जाणंयेणं आहे?"

"विहिरीच्या भांडनापासून त्यांच्या घरचा पानी पन पीत नाय आमी. त्या पन आमचा नाय. दोनी घरा एका जागी जेवतात ती सप्ताहाला आनि गोकुळाष्टमीला. काला देवाचा, त्याला कोन नाय बोलतो?"

"काला कालवतो कोण?"

"भावजी. बारा वर्सा झाली. गावात त्यांच्याएवढा सोवल्याचा मानूस नाय. शेवटची मूठ घरी आनतात, रविनासाठी."

"शेताची राखण कोण करतं?"

"तेच. भाकरी घरनं नेतात. मीठ-मिरची लागते त्यांना, ती येगली बांधून नेतात."

विशे शेतावर गेले. मचाणाखाली राखेचा ढीग होता, भांडं एकही नव्हतं. राखेत टोकं जळालेल्या चार बारीक काठ्या होत्या. खाली उतरताना त्यांना बरं वाटत नव्हतं. हा माणूस निघू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

ओटीवर तिघंही बसली होती. विशेंनी पुरचुंडी नवशासमोर ठेवली.

"वावडिंग जंतावर देतात, पोरांना. या घरात पोर नाही. कोणासाठी आहे हे?"

नवशाने पुरचुंडी उचलून मुठीत धरली.

"भाकरी घरून येते, मग मीठ-मिरची कशाला? भाकरी काठीला टोचून भाजत नाहीत. राखणीला रानडुक्कर मारलंत. घरच्या भांड्यात शिजवता येत नाही, माळकरी घर बाटतं. मोठा जाळ केला तर जंगलखात्याला दिसतो. म्हणून निखाऱ्यावर घाईघाईत भाजलंत. अर्धं कच्चं. गावाभोवतीच्या उघड्या घाणीत चरणारं डुक्कर ते. पोटात जंत झाला, पांढरे तुकडे पडायला लागले. तुम्ही कोणाला सांगणार? वावडिंग घेतलंत. आणि त्याच हातांनी काला कालवलात. शेजारणीचं आणि तुमचं जेवण फक्त तिथेच एक होतं, आणि फिटी दोन्ही घरांत आहेत. शेवटची मूठ रविनाची, आणि तुमच्यासोबत राहणारी तीच. म्हणून तिला जास्त."

हिराबाई दिराकडे वळली. "भावजी?"

"तीन वर्सा झाली," नवशा म्हणाला. "तुकडे बघून भ्यालो. माळ घातलेला मानूस, कोनाला सांगू? वाटला, आपल्या पापाचा जंत आपल्या पोटात. पोरीला जाईल असा नाय वाटला हो. हात तोडा माझे."

"हात तोडून काय होणार? डोळा तपासून घ्या, मग गोळी घ्या आणि साबण वापरा," विशे म्हणाले. डुकराचं त्यांनी कागदावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जंगलखातं आलं असतं, आणि पुढच्या वेळी कोणी जंताचंही सांगितलं नसतं.

दवाखान्याच्या सूक्ष्मदर्शकाने नवशाचा जंत पक्का केला. लहानीचं भूत स्कॅनमध्ये दोन ठिपके होऊन सापडलं. मुंबईच्या डॉक्टरांनी रविनाच्या डोळ्यातला किडा अख्खा काढला. त्यानंतर, सूज उतरवणाऱ्या औषधासोबत, मेंदूसाठीच्या त्याच गोळ्या सुरू झाल्या.

गोकुळाष्टमीला विशे न बोलावता गेले. देवळात दह्या-लाह्यांचं पातेलं तयार होतं आणि कालवायला कोणी पुढे होईना. नवशा खांबामागे बसला होता, हात मांडीखाली दाबून.

काळा चष्मा लावलेली रविना उठली. तिने बादली त्याच्यासमोर ठेवली आणि साबणाची वडी त्याच्या हातात दिली.

"गोली घेतलीस ना, काका?"

"घेतली. दवाखान्यानी दोनदा तपासला. जंत गेला."

"मंग हात धू. नखा पन."

नवशाने कोपरापर्यंत हात धुतले. फेस गेला तरी तो धूत राहिला. शेवटी तिनेच बादली काढून घेतली.

काला झाला. पहिली मूठ कोण घेणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. रविनाने ओंजळ पुढे केली. "आता शेवटची नको," ती म्हणाली. "पयली दे."