गड्डा धरेपर्यंत

कुंदाने मागचं दार उघडलं, तर तिच्या मिरचीच्या वाफ्यात एक अनोळखी तरुण उकिडवा बसून बोटाने मातीत भोकं पाडत होता. चोर म्हणून ओरडावं, तर चोर काहीतरी घेऊन जातो. हा तर पेरत होता.

"हा वाफा आमचा आहे," ती म्हणाली.

तो दचकून उठला. "मला वाटलं सोसायटीचा... आता बी तर पडलं. परत कसं काढू?"

लवू परब त्याचं नाव. मुलुंडच्या त्या इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर चुलतभावाकडे नुकताच राहायला आला होता. कारखान्यात फिटर. कंपनीने तीन महिने जपानला शिकायला पाठवलं, तेव्हा तिथल्या उस्तादाच्या बायकोने त्याला कागदाच्या पुडीत हे बी दिलं होतं. कोबी आणि त्यांच्याकडची मोहरीसारखी पालेभाजी यांचा संकर, असं तो मोठ्या ऐटीत सांगू लागला. कुंदाच्या आईने, वनमालाबाईंनी, जपानचं कौतुक केलं नाही. त्यांनी त्याचं गाव विचारलं. ते त्यांच्या माहेराहून दोन कोसांवर निघालं आणि लवूला अर्धा वाफा मिळाला, वर रोजचा चहा.

मग रोज सकाळी, कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी, पाणी घालायला तो खाली येऊ लागला. कुंदालाही नेमकी तेव्हाच मिरच्या खुडायची आठवण व्हायची. एवढ्या मिरच्या घरात कोण खाणार, हे कुणी विचारलं नाही. रोपांना चौथं पान फुटलं तोवर दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती.

"कोबी म्हणे... कुठून दिसतो हा कोबी?" ती डिवचायची.

"धीर धर गं. अर्धा तरी कोबी आहेच ना."

डिसेंबरात लवूची बदली नाशिकच्या कारखान्यात झाली. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं होतं. बदलीचं कळलं त्या सकाळी त्याने तांब्याभर पाणी एकाच रोपावर ओतलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "गड्डा धरला ना, की... तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"नको. गड्डा धरू दे."

झालं! कुंदाच्या जिवाला घोर लागला. त्याला काय विचारायचंय ते तिला ठाऊक होतं, तिचं उत्तरही तयार होतं, आणि मध्ये आडवी आली होती ही भाजी. ती नुसती पानांनी माजली होती. ताटाएवढी, जाड, सुरकुतलेली पानं... आणि पोटात काहीच नाही. कुंदा दिवसातून तीनदा बोटाने चाचपून बघायची. तिने पेंड घातली, राख घातली. औषधाच्या कंपनीत ती बाटल्यांवर लेबलं लावायची, तिथे एक दिवस अख्ख्या पेटीची लेबलं उलटी चिकटवून बसली आणि बोलणी खाल्ली. घरी चहात मीठ पडलं. वनमालाबाईंनी तो चहा मुकाट्याने मोरीत ओतला. त्यांना न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तिने शेवटचा उपाय केला. पानं वर ओढून बांधली तर आत गड्डा धरेल, असं तिच्या मनाने घेतलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून ती वाफ्यात बसली. लवूने दोन्ही हातांनी पानं गोळा करून धरली. ती गाठ मारायला वाकली, की तिची बोटं त्याच्या बोटांवरून जायची... गाठ सुटायची. एकेका रोपाला तीन-तीनदा. त्याचे कान लालबुंद झाले होते.

आठवड्यात आतली पानं कुजायला लागली.

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. लवूची ट्रंक बांधून तयार होती, उद्या सकाळी निघायचं होतं. अर्धा दिवस भरून कुंदा घरी आली आणि सरळ वाफ्यात शिरली. चिंध्या कापल्या, चांगली पानं सगळी खुडली, बारीक चिरली. कांदा, सुकी मिरची, भिजवलेली चणाडाळ, वर मूठभर ओलं खोबरं. आई हळदीकुंकवाला गेली होती. तिने दार सताड उघडं ठेवलं आणि लवूला जेवायला बोलावलं.

चवीला कोबीसारखी गोड, आणि मागून नाकात जाणारा मोहरीचा झणका. लवूने दुसऱ्यांदा भाजी घेतली.

"गड्ड्याची वाट बघून मी थकले," कुंदा म्हणाली. "हीच ती भाजी. विचार आता."

लवूचा घास हातातच राहिला. डाव्या हाताने त्याने खिशातून निळं परदेशी पत्र काढलं. उस्तादाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, या भाजीला गड्डा धरतच नाही, बाहेरची पानं खुडून खात जा, नवी येत राहतात.

"कधी आलं हे?"

"संक्रांतीच्या आधी."

तिने हिशोब केला आणि तिचा चेहरा तापला. "म्हणजे मी चिंध्या बांधत होते तेव्हा तुला माहीत होतं? आणि तू पानं धरून बसलास?"

"तू जवळ बसली होतीस ना..." तो पुटपुटला.

"आणि उद्या न विचारताच निघून गेला असतास?" आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझं काय झालं असतं, लवू?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "नाही म्हणालीस तर सकाळचं येणंही तुटेल, याची भीती वाटली गं. तेवढंच होतं माझ्याकडे." मग घाबरला की यायची ती गावची बोली त्याच्या तोंडी आली. "कुंदा... माझ्यावांगडा लगीन करशीत?"

ती अजून रागावलेलीच होती, आणि आयुष्यात इतकी सुखी ती कधीच नव्हती. "करीन," ती म्हणाली. "पण आईला तू विचारायचंस. आज. उद्यावर ढकललंस तर बघ."

दाराशी चपला वाजल्या. ओटीत तिळगूळ घेऊन वनमालाबाई आत आल्या, आणि लवू उष्ट्या हातानेच उभा राहिला.