मोडायचा राहिलेला डोंगर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी एस.टी.त कंडक्टर आहे. पदरचं काही घालून सांगायची मला हौस नाही. हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलं. साल १९८७, डिसेंबर. गाव पिंपळनेरजवळचं.

बन्सीलालमामानं सांबराच्या शिकारीचा बेत आखला. बंदी होती, माहीत होतं. पण मामा म्हणायचा, "डोंगर सरकारना शे. कोना बापना नही."

आमच्याकडे बेत कागदावर होत नसे. खळ्यात मातीचा डोंगर करायचा. नाला कोरायचा. कोण कुठे दबा धरून बसणार, तिथे त्याचा खडा ठेवायचा. सांबराच्या जागी मोहाची बी. ठरलं की उठण्याआधी तो डोंगर पायानं मोडायचा. ही रीत.

भटूदादा म्हणजे माझा हाच भाऊ. त्याचा खडा पांढरा होता, कड्यावर. बी खाली नाल्यात.

मामानं मात्र डोंगर मोडला नाही. फारच देखणा झाला होता ना!

"शिकारीतला आपला जोडीदार मोतीलाल सकाळी येणार आहे. त्याला दाखवू, मग मोडू," म्हणाला.

सकाळी पाहिलं तर...

बी कड्यावर होती.

आणि दादाचा पांढरा खडा खाली नाल्यात.

"कोंबडीनं उकरलं असेल," मामा हसला. खडा जागेवर ठेवला. वर पाटी उपडी घातली आणि खाट टाकून शेजारीच बसला. तासाभरानं मोतीलाल आला, तेव्हा मामानं ऐटीत पाटी उचलली.

बी कड्यावर... खडा नाल्यात.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. जंगलातला वाटाड्या हिलालबाबा, हाका देणारी, म्हणजे डबे वाजवत, ओरडत सावज शिकाऱ्याकडे पिटाळणारी माणसं तोच आणायचा. त्याला बोलावलं. तो डोंगराला शिवलासुद्धा नाही.

"रातले मोडा नही ना तुम्ही? आते पारध तुमनी नही. डोंगरनी शे."

बेत तिथेच रद्द झाला. आमची आई, लताबाई, रडून रडून अर्धी झाली. शिकारीचा दिवस रविवारचा होता. त्या दिवशी तिनं दादाला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मामा, मोतीलाल, हिलालबाबा, हाक्याची माणसं, सगळे आमच्या ओट्यावर बसून राहिले.

सात वाजले. कोवळं ऊन पडलं.

आणि डोंगराकडून आवाज आला...

डबे वाजत होते. माणसं ओरडत होती. हो... हो... हो...

हाका!

मोतीलाल हळूच म्हणाला, "बठ्ठा आठेच शेतस. मंग हाका कोन दी राहिना?"

मी माणसं मोजली. सगळे इथेच होते.

आत आई किंचाळली. मी धावलो. दादा खोलीत या भिंतीकडून त्या भिंतीकडे पळत होता. नाकपुड्या फुगलेल्या. अंग थरथरत होतं. मी "दादा, दादा" म्हणून धरायला गेलो, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरलो. त्यानं मला ओळखलंच नाही. चौघांनी मिळून धरून ठेवला.

मग आवाज थांबला. एकदम.

दादा शुद्धीवर आला. पाणी मागितलं. आईनं त्याची दृष्ट काढली. आम्ही सुटलो म्हणालो.

हिलालबाबा मात्र निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "हाका झाया. बार नही झाया." म्हणजे सावज पिटाळून झालं, गोळी सुटायची राहिली.

दादाला आम्ही धरणगावला पाठवला. तिथे जिनिंगमध्ये लागला, लग्न झालं. तिकडे डोंगर कुठला? नुसता कापूस. दहा वर्षं सुखात गेली.

मागच्या मंगळवारी डेपोत सुनंदावहिनीचा फोन आला.

"भाऊजी, सकाळपासून कोणीतरी डबे वाजवतंय. बाहेर पाहिलं तर कोणी नाही. आणि हे खोलीत नुसते पळताहेत... मला ओळखत नाहीत हो."

"कड्या लावा. मी निघतोच."

"लावल्यात..." ती थांबली. "थांबलं बघा आत्ता. काहीच आवाज नाही."

मी फोन कानाला दाबून उभा राहिलो. बाराची वाट पाहत होतो.

बार झाला नाही.

संध्याकाळी पोचलो, तेव्हा दादा भाकरी खात होता. त्याला काही आठवत नव्हतं. वहिनी दारापर्यंत सोडायला आली.

"भाऊजी, संपलं ना हे आता?"

मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?