हात टेकावा लागतो का?

डॉ. ओकेलोंच्या पत्राला विद्याधर उपासनींनी उत्तर दिलं नव्हतं. देणार तरी काय? नैरोबीहून आलेलं ते पत्र सभ्य होतं, म्हणूनच जास्त झोंबलं होतं. ‘कटिज्वराच्या रुग्णांसाठीची आमची जीवनमान-प्रश्नावली तुम्ही मराठीत आणलीत. प्रकृती स्थिर असलेल्यांनी ती पंधरवड्याने पुन्हा भरली, तर उत्तरं तीच यायला हवीत. तुमच्याकडे काहींची बदलली. कारण कळलं नाही, तर नव्या औषधाच्या चाचणीतून मराठी रुग्ण वगळावे लागतील.’

मिरजेच्या विषाणू-प्रयोगशाळेत उपासनी मान खाली घालून बसले होते.

“दोष माझाच. मूळ प्रश्न होता, जिना चढताना त्रास होतो का? आपले रुग्ण बैठ्या घरांतले. मी लिहिलं, जेवून पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का? नको तिथे शहाणपण.”

“काका, स्वतःला फाशी देण्याआधी साक्षीदार तरी तपासा,” विषाणुतज्ज्ञ नफीसा मुजावर म्हणाल्या. “उत्तर कुणाचं बदललं?”

“कोंडिबा चौगुल्यांसारख्यांचं. आधी ‘नाही’, मग ‘हो’. आणि विषाणुगणक यंत्र म्हणतं, रक्त स्वच्छ.”

“ते रक्तातलेच विषाणू मोजतं. हा विषाणू मज्जारज्जूत दडला असेल तर? पहिला घाव मांड्यांच्या नसांवर. जिना माणूस कठडा धरून कसाही चढतो. जमिनीवरून उठताना लबाडी चालत नाही.”

उपासनींनी मान वर केली. “म्हणजे ते स्थिर नव्हतेच?”

नफीसांनी सगळ्यांच्या कण्यातलं पाणी तपासलं. उत्तर बदललेल्या प्रत्येकात विषाणू सापडला. न बदललेल्यांत एकातही नाही.

कटिज्वर उलटला की पाय जायचे, आणि जुनं औषध तोवर उशिरा पोचायचं. या वेळी ते वेळेत पोचलं. महिन्याभराने चौगुले रुग्णालयाच्या पंगतीतून सरळ उभे राहिले.

“बघा सायेब, हात टेकला न्हाई. आता हात बांधून उठून दावू का?”

“आता तरी ओकेलोंना लिहा,” नफीसा म्हणाल्या.

उपासनींनी चार कागद फाडले. पाचव्यावरचं ‘क्षमस्व’ खोडलं आणि लिहिलं: ‘भाषांतर बदलण्याची गरज नाही. मूळ प्रश्नावली मात्र मराठीवरून पुन्हा लिहावी लागेल.’

वाक्य वाचून त्यांना स्वतःचाच धाक वाटला. विचार बदलायच्या आत त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.