गढ्यात सुरू, घमापुरात बंद

चादरीत गुंडाळलेला सीपीयू कडेवर घेऊन तो गढ्यात विनताच्या दारापुढे ई-रिक्षातून उतरला, तेव्हा तिला वाटलं, कोणाचं तरी बाळ आजारी आहे... आणि दवाखाना तर पुढच्या गल्लीत.

तो ऋग्वेद. मूळचा साताऱ्याचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला घमापुरातल्या एका बियाणे कंपनीत नुकताच लागलेला. तिथं मटारचं बी तपासायचं. काटा बी तोलणार, कॅमेरा त्याचा फोटो घेणार, दोन्ही या कम्प्युटरला जोडलेले. पण बटण दाबलं की पडदा काळा तो काळाच. विनताचं तर कामच ते. काटा-कॅमेऱ्यासारख्या मुक्या वस्तूंना कम्प्युटरशी बोलतं करणारे ड्रायव्हर ती लिहायची, बिघडले तर दुरुस्त करायची.

तिनं बटण दाबलं. कम्प्युटर गुमान सुरू झाला.

"काही नाही झालं याला," ती म्हणाली. "तुम्हीच घाबरवून राहिले असाल."

तो ओशाळून गेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात. तिकडे बंदच पडतो म्हणाला. मग तो येतच राहिला. विनता एकेक ड्रायव्हर बंद करून, एकेक चालू करून पाहायची, पडद्यावर सरसर उतरणाऱ्या ओळी वाचायची. तोवर कुमुदताई, म्हणजे तिची आई, त्याच्यापुढे मटारची टोपली सरकवायची. अंगणातल्या कोवळ्या उन्हात तो शेंगा सोलायचा, निम्मे दाणे तोंडात टाकायचा. एकदा त्यानं ओंजळ तिच्यापुढे धरली. हिरवे दाणे उचलताना बोटाला बोट लागलं, आणि ती वाचत असलेली ओळ... गेलीच.

तो गेल्यावर आईनं विचारलं, कम्प्युटर खराब आहे का पोरगा? विनतानं हसून टाळलं, पण मनात गुंता झाला तो झालाच. रोग खरा, की रोगी खोटा? आजवर दुखणं हाती लागावं म्हणून ती जिवाचं रान करायची. आता मात्र ते नसावंच असं वाटत होतं. दुखणं खोटं असेल तर तो तिच्यासाठी येत होता. खरं असेल तर... नुसता कम्प्युटरसाठी. तिकडे जाऊन एकदा पाहावं, हे तिला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलंही होतं.

शेवटी तो गुंता सोसेना. एका दुपारी न सांगता ती घमापुरात थडकली. त्याला म्हणाली, करा सुरू. त्यानं बटण दाबलं.

काळा पडदा. काळाच.

खरंच बंद होता तर.

मुकाट्यानं लॅपटॉप जोडून ती कामाला लागली. दुखणं तासाभरात सापडलं. काट्याचा ड्रायव्हर कॅमेऱ्यासाठी थांबलेला, कॅमेऱ्याचा काट्यासाठी. जात्यावर दोघी जणी बसाव्यात, पहिली ओवी कोणी म्हणायची यावर अडावं, आणि दळण तसंच राहावं! तिच्या घरी ना काटा ना कॅमेरा, मग अडणार कोण? तिनं काट्याला आधी बोलायला लावलं. पडदा उजळला.

"झालं," ती म्हणाली. "आता नाही यावं लागणार तुम्हाला."

ती सामान आवरून उठली, तर कोपऱ्यात एक सीलबंद खोका. वर बियांच्या पिशव्या रचलेल्या. तिनं विचारलं, यात काय? उत्तर दारातल्या नथ्थू चौकीदारानं दिलं.

"नया कम्प्यूटर है, दीदी. संक्रांत से पहले का आया पड़ा है. साहब खोलने ही नहीं देते."

ऋग्वेदचे कान लाल झाले.

"मग काहून फिरत होते त्याला कडेवर घेऊन?" तिनं विचारलं.

"तुम्ही काहून नाही म्हणालात," तिचाच शब्द जपून उचलत तो म्हणाला, "की येऊन पाहते?"

तिनं लॅपटॉपची पिशवी खांद्यावर घेतली.

"उद्या या," ती म्हणाली. "सीपीयू नका आणू. नाश्ता न करता या. मटार घालून पोहे करीन."

"आणि आईंना काय सांगाल? कशासाठी आलो म्हणून?"

"आईला केव्हाचं माहीत आहे," विनता म्हणाली. "मलाच समजून नव्हतं राहिलं."