दिवा कुणाच्या नावानं

वडगाव निंबाळकरच्या प्रयागबाईंचा भुताखेतांवर काडीइतका विश्वास नव्हता. देवऋषी दारात आला की त्या त्याला चहा पाजत आणि वाटेला लावत. चालता चालता डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, तेव्हाही त्यांनी अंगारा लावला नाही. सरळ बारामतीचा दवाखाना गाठला.

हृदयाचे ठोके फार मंद पडले होते. ते सांभाळणारं यंत्र छातीत बसवायचं ठरलं. नवं यायला वेळ होता, पण एका मयत माणसाच्या छातीतून काढून साफ करून ठेवलेलं तयार होतं. थोरला मानसिंग कचरला. "आई, दुसऱ्याचं वापरलेलं?"

"तुझ्या आजीच्या पाटल्या मी घातल्याच की!"

यंत्र बसलं आणि प्रयागबाई पुन्हा गोठ्यात उभ्या राहिल्या. नातवाला कडेवर घेऊन शेत हिंडून आल्या. ज्याच्यामुळं हे दिवस दिसले, त्याचं नाव मात्र दवाखान्यानं सांगितलं नाही. रोज दिवा लावताना त्या हात जोडत आणि तिथंच अडत. उपकार करणाऱ्याचं निदान नाव तरी घेता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ऊस तुटल्यावर मानसिंगनं खतासाठी रानात मेंढरं बसवली. कळप इंदापूरकडचा, एकट्या बाईचा. तो निघायच्या सकाळी प्रयागबाई तिच्यासाठी भाकरी घेऊन बांधावर गेल्या.

बसलेली मेंढरं उठली. एकही ओरडलं नाही. सगळी येऊन त्यांच्याभोवती उभी राहिली. परक्याच्या अंगावर धावणारा कुत्रा त्यांच्या पायाशी आडवा झाला. त्या उबट, ओलसर वासानं गुदमरायला व्हावं, तर प्रयागबाईंना घरी आल्यासारखं वाटलं.

मेंढरवाली धावत आली आणि बघतच राहिली.

"मालक गेल्यापास्नं ही कुणाला अशी बिलगली न्हाईत."

"कशानं गेलं?"

"ताप डोक्यात गेला. छातीत मशीन हुतं, त्ये तेवढं चालूच. मातीआधी बारामतीच्या डॉक्टरला काढून दिलं म्या. म्हणलं, कुणाचा तरी जीव वाचंल."

प्रयागबाईंनी तिचा हात ओढून आपल्या छातीवर, कातडीखालच्या उंचवट्यावर ठेवला. काही सांगावं लागलं नाही. दोघी बांधावर बसून पोटभर रडल्या.

"तुझं उपकार फिटायचं न्हाईत, बाई. त्यांचं नाव सांग. त्यांच्या नावानं दिवा लावीन."

"मालकाचं नाव कसं घिऊ?" ती लाजली. "तोंडातनं निघतच न्हाय बगा."

ती घोंगडं उचलून निघाली. मेंढरं हलेनात. तिनं हाका मारल्या, काठी आपटली. एकाचंही तोंड प्रयागबाईंकडून फिरेना.

तेवढ्यात प्रयागबाईंची जीभ टाळूला लागून वाजली. असा आवाज त्यांनी जन्मात काढला नव्हता.

कळप निमूट वाटेला लागला.

"नके, त्या लंगड्या कोकराला चालवू नगं. खांद्यावर घे."

हेही त्याच बोलल्या होत्या.

"व्हय जी," म्हणत तिनं कोकरू उचललं. चार पावलं गेली आणि थांबली.

'नके' ही तिच्याच नावाची हाक होती, आणि ते नाव प्रयागबाईंनी अजून विचारलंच नव्हतं.

ती वळली नाही. तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

"तुमी मागनं येताय न्हवं?"

प्रयागबाई नाही म्हणणार होत्या. पण त्यांचा एक पाय बांधावरून खाली उतरला होता.