फाटकापर्यंतची सोबत

रोडेल पहिल्यांदा आमच्या फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या हातात केकचा खोका होता आणि तो मलाच विचारत होता, "वाढदिवस कुणाचा?"

चूक अगदीच त्याची नव्हती. अंगणात मांडव, दिव्यांच्या माळा, पत्ते कुटणारे शेजारी, कॉफीचे पेले, बिस्किटांचे डबे... आमच्या लेमेरी गावात कुणी वारलं की घर असंच गजबजतं. माझ्या तातयची, म्हणजे वडिलांची, शवपेटी आतल्या खोलीत होती, ती रस्त्यावरून दिसत नव्हती. आणि या महाशयांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की चर्चच्या गायनवृंदात यायचं असेल तर आधी तिबोंना भेटा, खर्जातली मंडळी तेच निवडतात. तिबो म्हणजे माझे तातयच.

"तातय आत आहेत," मी म्हटलं, "पण आता ते कुणाला भेटत नाहीत."

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि केक हळूच पाठीमागे लपवला. त्याचा चेहरा असा काही पडला की मला हसू फुटलं. मग त्या हसण्याची लाज वाटली आणि तिथेच उभी राहून मी रडले. तो बिचारा केक धरून उभाच होता.

प्रार्थना संपेपर्यंत तो थांबला. निघाला तेव्हा मी नकळत त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेले. मागून तिता सिओन, माझी आत्या, ओरडलीच. दुःखातल्या घराने पाहुण्याला पोचवायचं नसतं. ज्याला पोचवाल त्याच्या मागे मरण लागतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

"म्हणजे आता माझं काही खरं नाही?" फाटकापलीकडून रोडेलने विचारलं.

"असं म्हणतात खरं..."

"मग मी अधूनमधून कळवत जाईन. जिवंत असल्याचं."

आणि तो खरंच कळवू लागला. गावात नवा आलेला दातांचा डॉक्टर तो. बेकरीच्या वर त्याचा दवाखाना. गायनवृंदात त्याला मागच्या रांगेत जागा मिळाली, बरोबर तातयची. तालमीला येताना माझ्या खुर्चीजवळून जायचा आणि पुटपुटायचा, "अजून आहे." मी नाक मुरडायची. पण पुरामुळे रस्ता बंद होऊन तो एकदा आला नाही, तेव्हा सगळी तालीम मी दाराकडे डोळे लावून बसले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. उगाच शेफारला असता.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. नाताळच्या जलशात आमचं एक अंगाईगीत असतं. त्यात खर्जातला एकच आवाज एक ओळ गातो आणि एकच बाईचा आवाज त्याला उत्तर देतो. ती ओळ तातयची, उत्तर माझं. इस्पितळात त्यांनी माझा हात धरून बजावलं होतं, यंदाही उत्तर तूच द्यायचंस, नेनिता. मी हो म्हटलं होतं. आणि आता ती जागा आली की माझा गळा बंद व्हायचा. गाणं बसवणाऱ्या मिस बेलेन सोशिक बाई. पण डिसेंबर उजाडला तसं त्यांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं की रविवारपर्यंत जमलं नाही तर ती ओळ दुसरीला द्यावी लागेल.

त्या संध्याकाळी चर्चसमोरच्या दुकानात रोडेलने माझ्यासाठी लोमी, जाड शेवयांचं दाट सूप, मागवलं. वाडग्यातून वाफ निघत होती, बाहेर रिमझिम चालू होती.

"तू तोंडच उघडत नाहीस," तो म्हणाला. "माझ्या धंद्याच्या दृष्टीनेही हे वाईट आहे."

मी हसले नाही. मग तो वाडग्यात बघत हळूच म्हणाला की त्याने तातयचं जुनं ध्वनिमुद्रण मिळवलं होतं. शेवटच्या शब्दाआधी ते कसा श्वास घ्यायचे, कुठे रेंगाळायचे, सगळं घोटून घोटून बसवलं होतं. मला सोपं जावं म्हणून.

तेव्हा मला कळलं माझा गळा का बंद होतो ते. मी चिडलेच.

"म्हणूनच तर जमत नाही! तू गातोस आणि मला वाटतं ते मागे उभे आहेत. मी मान वळवते... आणि तू असतोस."

त्याने चमचा खाली ठेवला. "मी नको आहे का तुला तिथे?"

"मला ते हवेत, रोडेल. आणि ते येणार नाहीत." माझा आवाज चिरकला. "तू येणार असशील तर... तुझ्या आवाजात ये."

रविवारी माझ्याकडून अर्धी ओळ निघाली. मिस बेलेननी ओळ काढून घेतली नाही.

जलशाच्या दिवशी सगळ्यांचे कपडे लाल होते. माझं दुखवट्याचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून मी एकटी काळ्यात. पहिल्या बाकावर माझी इनाय, म्हणजे आई, आणि तिता सिओन. रोडेलने ओळ सुरू केली. तातयपेक्षा घाईची, थोडी थरथरती, श्वास भलत्याच जागी. त्यात तातय कुठेच नव्हते. ते गेले होते, हे मला तेव्हा पुरतं पटलं. डोळे भरून आले, पहिल्याच शब्दाला आवाज फाटला, तरी मी थांबले नाही. उत्तर तातयना दिलं, आणि मागे उभ्या असलेल्या त्या घाबरटालाही. इनाय रडत होती आणि मान डोलवत होती.

जानेवारीत वर्ष सरलं. प्रार्थना झाली, जेवणं झाली, तिताने स्वतःच्या हाताने माझे काळे कपडे घडी करून ठेवले. मी लाल झगा घातला. रोडेल केक घेऊन आला होता, या खेपेला काही न विचारता. उन्हं कलल्यावर तो उठला.

"जा गं, पोचव त्याला," तिता म्हणाली. "आता चालतं."

मी पायरीवरच उभी राहिले. "मी नाही येणार."

"अजून माझ्या जिवाची काळजी?" तो हसला. "वर्ष संपलं की."

"त्यासाठी नाही..."

"मग?"

"पोचवलं की तू जाणार. आणि तू गेलेलं मला नको आहे."

तो वळला आणि एकटाच फाटकापर्यंत गेला. मला वाटलं, गेलाच. त्याने फाटक ओढून घेतलं, कडी आतून लावली, आणि परत येऊन तिताला विचारलं, कॉफी उरली आहे का.