कोरी बाटली

१४ मे, मंगळवार. ऊन कडक. वारा मुळीच नाही. नदीचं पाणी दगडावरच्या तिसऱ्या खुणेच्या दोन बोटं खाली.

लटारूने वहीत एवढं लिहिलं, पेन खिशात खोचलं आणि काचेची रिकामी बाटली पुन्हा एकदा उजेडात धरली. आत काहीच नव्हतं. काही नसायलाच हवं होतं. सगळा तंटा त्याचाच होता.

वैनगंगेतून किती प्लास्टिक वाहत समुद्राला जातं आणि तिथल्या माशांच्या पोटात शिरतं, हे मोजायचं काम एका संशोधन संस्थेने काढलं होतं. नदीकाठी नऊ केंद्रं होती, त्यातलं नववं लटारूचं. आठवड्यातून एकदा बारीक जाळी अर्धा तास धारेत धरायची आणि अडकलेलं सगळं बरणीत धुऊन घ्यायचं. तेवढा वेळ शेजारी गाळलेल्या पाण्याची एक बाटली उघडी ठेवायची. ती कोरी बाटली. हवेतून, कपड्यांवरून, माणसाच्या हातून किती कचरा पडतो ते तिच्यावरून कळायचं. कोरी बाटली घाण निघाली की त्या दिवसाची बरणी रद्द. सलग तीन घाण निघाल्या की केंद्र बंद, आणि मागच्या सगळ्या नोंदीही बाद.

लटारूच्या सलग दोन घाण निघाल्या होत्या. दोन्हींत निळे धागे. वरून कागद आला होता : 'हाताळणीत निष्काळजीपणा.'

निष्काळजीपणा! बावीस वर्षं हा माणूस कोणी न सांगता रोज सकाळी नदीचं पाणी वहीत लिहीत आला होता. बायकोच्या बाळंतपणातही एक दिवस चुकला नव्हता. तो कागद त्याने इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला. मग त्याने घरातली नायलॉनची दोरी फेकली, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढला, सुती धोतर नेसलं आणि शेवटी मिशीही उतरवली.

"भाऊजी, आता कातडी बी काढून ठेवा खुंटीवर," सोमारीवहिनी म्हणाली. "तिच्यात बी धागे असन."

"मस्करी नको करू, वहिनी. अकरा महिन्यांची मेहनत हाय."

"मंग रडू काय? मी सात वर्सं नाई रडली."

ती त्याच्या थोरल्या भावाची, नथ्थूची बायको. सात वर्षांपूर्वी नथ्थू सिरोंच्यावरून काकीनाड्याला गेला होता, समुद्रातल्या बोटीवर कामाला. एका संध्याकाळी ओढलेल्या जाळ्यानेच त्याला पाण्यात नेलं, असा निरोप आला. प्रेत आलं नाही. सोमारीने तेरवी होऊ दिली नाही. "माणूस दाखवा, मंग पंगत बसवा," एवढंच ती म्हणाली होती.

आज चंद्रपूरहून आफ्रीन मॅडम स्वतः आली होती. नऊही केंद्रांची देखरेख तिच्याकडे होती.

"लटारूभाऊ, तुमची चूक नाही हे मले माहीत आहे," ती म्हणाली. "पण वरचे लोक ऐकून नाही राह्यले. आज बाटली मीच भरते, मीच ठेवते, मीच बंद करते. मंग पाहू कोण काय बोलते."

तिने आपल्या कॅनमधलं पाणी बाटलीत गळ्यापर्यंत ओतलं आणि ती सपाट दगडावर उघडी ठेवली. लटारू जाळी घेऊन कमरेएवढ्या धारेत उतरला. साडेअकरा वाजले होते.

ऊन माथ्यावर आलं. मघापासून ओरडणारी टिटवी गप्प झाली. धारेचा आवाजही कमी कमी होत गेला, पाणी मात्र मांड्यांना तसंच ढकलत होतं. मग वास आला. बाजारात सुकटीचं पोतं फोडल्यावर येतो तसा, पण ओला. लटारूने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याला त्याचा तेवढाच वास माहीत होता.

"मॅडम... सुकट आणली काय डब्यात?"

"नाही... आलूचे पराठे आहेत."

थोडा वेळ गेला.

"लटारूभाऊ... बाटली भरून राह्यली."

तो जाळी घेऊन तसाच बाहेर आला. पाण्याची रेघ ओळखण्यात त्याची नजर चुकत नसे. बाटलीतलं पाणी बोटभर चढलं होतं. तो पाहत असतानाच आणखी एक सूत चढलं.

आफ्रीनने ड्रॉपरने एक थेंब खारेपणा मोजायच्या यंत्रावर टाकला आणि आकडा दोनदा वाचला.

"पस्तीस."

"म्हणजे?"

"म्हणजे... समुद्र."

तिने झाकण घट्ट लावलं, त्यावर कागदी पट्टी चिकटवली आणि सही केली. मग भिंग लावून काचेतून आत पाहिलं.

"निळे. सात." तिने भिंग आणखी जवळ नेलं. "एकाला गाठ आहे, भाऊ... गाठ हवेतून नाही पडत."

लटारूने भिंग घेतलं. गावातला प्रत्येक मासेमार ढिवर जाळ्याची गाठ मारताना फास उजवीकडून घेतो. एकटा नथ्थू डावखुरा होता. त्याचा फास डावीकडून यायचा. बाप कान पिळून ती गाठ सोडवायला लावायचा. या धाग्यावरचा फास डावीकडून होता.

लटारूचा इतक्या दिवसांचा राग एकदम उसळला. तो नदीकडे तोंड करून ओरडला,

"दादा, आठ केंद्रं हायेत नं वर! तुले माहीच बाटली भेटली काय?"

 

"काय लिहू?" आफ्रीनने हळूच विचारलं.

"जे हाय ते लिवा."

"कारण?"

"माईत नाई, असं लिवा."

तिने बरणी गाडीत ठेवली. बाटलीला हात लावला नाही.

"घाण निघालेली बाटली फेकून द्यायची असते. पण तुम्हीच पाहा काय ते... मी नाही नेत."

लटारूने घरी आणलेली बाटली सोमारीने उचलली. पदराने पुसून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली आणि काचेला डोळा लावून कितीतरी वेळ उभी राहिली.

"भाऊजी," तिने विचारलं, "एका जाळ्याले किती गाठी लागतात?"

लटारूला आकडा माहीत होता.

१५ मे, बुधवार. ऊन कडक. केंद्र क्रमांक नऊ बंद केल्याचा फोन आला. अकरा महिन्यांच्या नोंदी बाद. बाटलीवरची पट्टी व सही शाबूत. आतलं पाणी दिवसात दोनदा चढलं, दोनदा उतरलं. गाठी तीन.

१६ मे, गुरुवार. ढगाळ. पट्टी शाबूत. पाणी कालच्यापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा चढलं. गाठी अकरा.